नाना, आता हिशेब ठेवू नका

आमच्या स्वयंपाकघरातलं २०२० सालचं कॅलेंडर मी अजून टाकलेलं नाही. त्यात मार्च, एप्रिल, मे या महिन्यांच्या प्रत्येक चौकटीत निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात दुधाचा हिशेब लिहिलेला आहे. ‘१ लि.’, ‘१ लि.’, खीर केली त्या दिवशी ‘१॥ लि.’, एकदा ‘पिशवी फुटकी, परत’. हे अक्षर माझ्या सासऱ्यांचं, नानांचं. नाना एसटीत वाहक होते. रोज रात्री डेपोत हिशेब जुळवून पैसे भरल्याशिवाय त्यांनी कधी घरचा रस्ता धरला नाही. निवृत्तीनंतर त्या जागी दुधाचा हिशेब आला.

१८ जूननंतरच्या चार महिन्यांच्या चौकटी कोऱ्या आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने दूधवाल्याचे पैसे मोबाइलवरून भरले आणि सहज म्हणाला, “नाना, आता हिशेब ठेवू नका. सगळं फोनवर दिसतं.” बोलण्यात काळजीच होती. मार्चपासून आम्ही त्यांच्या हातातलं एकेक काम असंच काळजीपोटी काढून घेत आलो होतो. दूध आणायला खाली उतरू नका. भाजीला नको. पासबुक भरून आणायला बँकेत तर मुळीच नको. पेपर घरोघर टाकणं एप्रिलमध्ये बंदच झालं होतं. कट्ट्यावरचे चार मित्र आपापल्या घरात. हिशेब हे एकच उरलेलं काम होतं, तेही गेलं. कोऱ्या चौकटी मला दिसल्या त्या सप्टेंबरात, पान उलटताना. तोवर नानांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं आणि आम्ही त्यांना गॅसवरची औषधं देत होतो.

साथीत आपण म्हाताऱ्या माणसांचा जीव वाचवायला धडपडलो, ते योग्यच होतं. त्या धडपडीत त्यांच्या हाताला काम ठेवलं नाही, आणि पुष्कळ घरांतलं नैराश्य तिथून सुरू झालं, असं माझं आता पक्कं मत आहे. नाना सावरल्यावर मी आमच्या भागातल्या एकट्या-दुकट्या ज्येष्ठांना फोन करणाऱ्या एका गटात गेले. दीड वर्ष रोज आठ-दहा फोन केले. त्या फोनांतून आणि नानांवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून जे शिकले ते इथे सांगते. पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पण खुब्याचं हाड मोडलं किंवा जोडीदार गेला तरी माणूस घरात असाच कोंडला जातो. तेव्हाही हे उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. साथ आली की सगळेच म्हातारे खचतात, असं नाही. २०२० मध्ये काही देशांत झालेल्या पाहण्यांत साठी-पासष्टीपुढच्यांनी तरुणांपेक्षा कमी चिंता सांगितली होती. मला त्याचं नवल वाटलं नाही. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनच्या रांगा पाहिलेली ही पिढी आहे. खचतात ते त्यांच्यातले काही जण, आणि ते कोण असतील हे बरंचसं आधी ओळखता येतं: एकटे राहणारे, नुकताच जोडीदार गमावलेले, कमी ऐकू येणारे, तरुणपणी एकदा नैराश्य येऊन गेलेले, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारे, आणि ज्यांचं सगळं जग घराबाहेर होतं असे. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली तेव्हा तिथे ज्येष्ठांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. त्यामागे लागण होण्याची भीती आणि एकटेपणा होताच, शिवाय आपण घरच्यांवर भार होऊ हा घोर होता. भार होण्याचा हा घोर आपल्याकडे तर घरोघर आहे.

“मला उदास वाटतं” असं आपल्याकडचं सत्तरीतलं माणूस म्हणत नाही. ते म्हणतं, पोटात गच्च झालंय. डोकं जड आहे. अंगातलं बळच गेलंय. छातीत धडधडतं. तोंडाला चव नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. नानांचा सगळा आजार पोटात होता. आम्ही ओवा दिला, चूर्ण दिलं, सोनोग्राफी केली. सगळं चांगलं निघालं की आम्ही म्हणायचो, “बघा, काही नाही झालेलं.” त्यांना ते ‘तुम्ही ढोंग करता’ असं ऐकू येत होतं, हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं.

म्हणून तक्रारीपेक्षा रोजच्या सवयींकडे बघा. रोज दाढी करणारा माणूस चार-चार दिवस करत नाही. आजी वेणी घालायला कंटाळते, कुंकू लावायचं विसरते. देवपूजा पाच मिनिटांत उरकली जाते किंवा नातवावर सोपवली जाते. चहा निवून साय धरते. टीव्ही चालू असतो आणि डोळे खिडकीकडे. काही जण गप्प होतात, काहींची चिडचिड इतकी वाढते की घरातले म्हणतात, म्हातारपणी स्वभाव बिघडला. विसरायला होतं, तेव्हा घरचे घाबरून स्मृतिभ्रंशाचं बोलू लागतात. नैराश्यातही माणूस विसरतो. फरक डॉक्टर तपासून सांगतात आणि नैराश्यातलं विसरणं उपचारांनी पुष्कळदा सुधारतं. मात्र एखादं माणूस कालपर्यंत ठीक होतं आणि आज अचानक असंबद्ध बोलतंय, दिवसरात्र कळत नाहीये, सारखं गुंगीत आहे, तर ते नैराश्य समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादं औषध, आणि कोविडच्या काळात खुद्द कोविड, यांची म्हाताऱ्या शरीरातली पहिली खूण कधीकधी एवढीच असते. ताप, खोकला काही नसतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टर सुरुवातीला दोन प्रश्न विचारतात. तुम्हीही ते विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न, निराश होतं का? आणि पूर्वी ज्यात रस होता त्यात आता काहीच वाटेनासं झालंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं. फक्त ते आपल्या बोलीत विचारा, आणि समोर बसून नको, शेजारी बसून. मी शेंगा निवडता निवडता विचारलं होतं, “नाना, हल्ली कशातच जीव रमत नाही ना?” बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “कशासाठी उठायचं ते कळत नाही सकाळी.” त्या वाक्यावर माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘असं काय बोलता, सगळं तर आहे तुम्हाला.’ ते मी गिळलं. तुम्हीही गिळा. ‘सकारात्मक विचार करा’, ‘इतरांचं बघा काय काय झालंय’, ‘नातवंडांकडे बघून तरी हसा’, ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी समोरचा माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. “असं केव्हापासून वाटतंय?” एवढं विचारून ऐकत बसणं पुरतं.

‘वय झालं, असं व्हायचंच’ हे वाक्य तर आपण सोडूनच द्यायला हवं. म्हातारपण म्हणजे नैराश्य नव्हे. कोविडच्या आधी, २०१७-१८ मध्ये, भारतातल्या वयस्कांची ‘लासी’ नावाची मोठी देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण आठ जणांमध्ये नैराश्याच्या आजाराची चिन्हं दिसली; पण ‘डॉक्टरांनी मला हा आजार सांगितलाय’ असं म्हणणारं शंभरात एक माणूसही भरत नव्हतं. म्हणजे साथ यायच्या आधीच दहातले नऊ जण निदानाविना होते. मधुमेहाबाबत आपण असं चालवून घेतलं असतं का?

आता घरात काय करायचं ते. पहिलं म्हणजे काम परत द्या. विरंगुळ्याची गोष्ट मी करत नाही, कामच म्हणते. ‘नाना, तुम्ही मस्त गाणी ऐका’ हे काम नाही. ज्यावाचून घरात कुणाचं तरी अडेल ते काम. वाटाणे सोलणं, लसूण निवडणं, नातवाचे पाढे घेणं, कुणाच्या गोळ्या संपत आल्या ते बघणं, किराण्याची यादी करणं, सिलिंडर कधी लावला ते लिहून ठेवणं, आलेल्या पिशव्या पुसून लावणं. नैराश्यातल्या माणसाला ‘मन झालं की करा’ म्हणून चालत नाही, कारण मन होतच नाही. आपण सगळे समजतो की आधी उत्साह येतो आणि मग माणूस कामाला लागतो. या आजारात क्रम उलटा असतो. आधी हात हलतात, मग फार उशिराने, थोडं थोडं मन हलतं. म्हणून काम इतकं लहान ठरवा की नाही म्हणता येऊ नये, त्याची वेळ ठरलेली असू द्या, आणि पहिल्या दिवसांत सोबत बसून करा. झालं नाही तर बोलू नका. उद्याचं काम आणखी लहान करा. आमच्याकडे ‘पाच लसूण पाकळ्या’ इथपासून सुरुवात होती.

ऑक्टोबरात मी नानांपुढे ते कॅलेंडर आणि निळं पेन ठेवलं. “नाना, फोनवर नुसता आकडा दिसतो. किती लिटर आले ते कोण बघणार?” त्यांनी काही दिवस हात लावला नाही. मग दसऱ्याच्या आसपास एक ‘१ लि.’ उमटला, कापऱ्या अक्षरात. डिसेंबरचं बिल आलं तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली. दूधवाल्याने दोन लिटर जास्त लावले होते. माझ्या नवऱ्याने तो आकडा न बघताच पैसे भरले होते. त्या दिवशी नाना जेवताना दोनदा बोलले.

कामासोबत उजेड हवा आणि पाय चालते हवेत. सकाळचा अर्धा तास गॅलरीत, गच्चीवर, अंगणात बसवा. बाहेर पडता येत नसेल तर घरातल्या घरात येरझाऱ्या घाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हाही व्यायाम आहे, सुरुवातीला शेजारी उभं राहून करून घ्या. महिना-दोन महिने बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांतला जोर झपाट्याने जातो, मग पडण्याची भीती बसते, आणि त्या भीतीने माणूस आणखी बसून राहतं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. बातम्या दिवसातून दोनदा पुरे. त्या वर्षी आमच्या टीव्हीच्या तळाशी मृतांचा आकडा दिवसभर सरकत असायचा आणि नाना तो वाचत बसायचे, हे आम्ही किती दिवस चालू दिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

काळजी खरी असेल तर तिला खरी म्हणा. १ एप्रिल २०२० पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला. नव्याने पैसे गुंतवणाऱ्याला दहा लाखांमागे वर्षाला बारा हजार कमी. व्याजावर औषधपाणी भागवणाऱ्या माणसाला त्याची धास्ती वाटणं हा मनाचा आजार नाही. त्याच्याजवळ कागद घेऊन बसा, येणं किती, खर्च किती ते मांडा, पुढच्या सहा महिन्यांची औषधं कशी येतील ते ठरवा. नुसतं ‘आम्ही आहोत ना’ म्हटल्याने ज्याने जन्मभर स्वतःचं स्वतः पाहिलं त्याला धीर येत नाही. आपण परावलंबी झालो एवढंच त्याला ऐकू येतं.

कानांचं मी खास सांगते, कारण ते फार निसटतं. पुष्कळ वयस्कर माणसं ओठांकडे बघून अर्धं बोलणं समजून घेतात, आणि हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. मास्क आले आणि ओठ झाकले गेले. घरातल्या बोलण्यातून, डॉक्टरांच्या बोलण्यातून ती गळत गेली. पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारायची लाज वाटते म्हणून मान डोलवायची सवय लागली. मग घरचे म्हणतात, हल्ली लक्षच नसतं. आधी कानातला मळ बघा, यंत्राचा सेल बदला, समोर येऊन सावकाश बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द फाटतात. दहा-बारा जणांचा व्हिडिओ कॉल आपल्याला कौतुकाचा वाटतो. कमी ऐकणाऱ्याला तो गोंगाट असतो, आणि तो संपल्यावर तो माणूस आधीपेक्षा एकटा पडतो. त्यापेक्षा एका वेळी एक माणूस, साधा फोन, ठरलेली वेळ. रोज अकरा म्हणजे अकरा. ‘वेळ मिळाला की करीन’ या फोनाची वाट बघण्यात आमच्या यादीतल्या एका आजींचा अख्खा दिवस जायचा. त्यांचा मुलगा कॅनडात होता. त्याने रविवारी सकाळी साडेनऊ ही वेळ बांधून घेतली आणि आजी शनिवारी रात्री त्याला सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवू लागल्या. फोन करताना ‘जेवलात का, औषध घेतलं का’ एवढ्यावर थांबू नका. काहीतरी विचारून घ्या, अगदी मनापासून: मेथीच्या वड्यांत बेसन किती घालायचं, वाडीतल्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर होता. ज्याला कुणी काही विचारतं त्याला उठायला कारण मिळतं.

जे नेम आणि सण मोडतात त्यांचंही बघावं लागतं. २०२० च्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि पुढच्या वर्षीही बसनेच. तीस-चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेली वारी ज्यांची चुकली, त्यांचं काय तुटलं ते घरातल्या तरुणांना सहसा कळलं नाही. ‘देव घरातही आहे’ असं त्यांना सांगितलं गेलं. आमच्या यादीतल्या एका आजोबांच्या सुनेने वेगळं केलं. ती रोज संध्याकाळी त्यांना विचारायची, “आज मुक्काम कुठे असता?” ते सांगायचे, सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे, तिथे कुणाकडे उतरायचे, कुणाच्या हातचं पिठलं असायचं, तेही सांगायचे. आणि ते बोलत बोलत अंगणात फेऱ्या घालायचे. मला यापेक्षा चांगला उपचार माहीत नाही. कोकणात तर दुहेरी पेच होता. चाकरमानी येणार म्हणून डोळे लावून बसायचं आणि ते आले की शाळेत विलगीकरणात ठेवायचं. पोटच्या पोराची भीती वाटते याची लाज म्हाताऱ्यांना आतून खायची. असं काही मनात असेल तर ते बोलून घ्या. भीती वाटणं पाप नाही, हे त्यांना कुणीतरी तोंडाने म्हणायला लागतं.

दुःख आणि नैराश्य एक नव्हेत, पण साथीत ते एकमेकांत मिसळले. अंत्यविधीला वीसच माणसं, आणि कोविडने गेलेल्याचं तर कित्येक घरांना तोंडही बघायला मिळालं नाही. रुग्णवाहिकेत चढताना केलेला हात, तेवढंच. साताऱ्याकडच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “तेरावं झालं, पण मला अजून वाटतं ते दवाखान्यातच आहेत.” आपल्याकडे दहावं, तेरावं, भेटायला येणारी माणसं, त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगणं, यातून माणूस हळूहळू मरण मान्य करतं. ती वाटच बंद झाली होती. उशिरा का होईना, ती उघडा. वर्षश्राद्धाला, किंवा नुसत्या एखाद्या रविवारी, जवळच्या माणसांना बोलवा, फोटो मांडा, शेवटचे दिवस कसे गेले ते त्यांना पहिल्यापासून सांगू द्या. ‘आता तो विषय नको’ म्हणू नका. रडण्याने म्हातारं माणूस आजारी पडत नाही. दुःखात माणूस रडतं, मध्येच एखाद्या आठवणीने हसतं, आल्यागेल्याला चहा विचारतं. पण आठवडे गेले तरी कशानेच बरं वाटत नसेल, ‘माझ्यामुळेच गेले, मीच पापी’ असं घोळत असेल, अन्न जात नसेल, तर तिथे दुःखाच्या पलीकडचं काहीतरी आहे आणि डॉक्टर हवेत.

डॉक्टरांकडे कसं न्यायचं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. ‘मी काय वेडा आहे?’ हे उत्तर बहुतेक घरांत येतंच. वाद घालू नका. पहिल्यांदा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, कारण त्यांच्या शब्दाला वजन असतं आणि काही तपासण्या तशाही लागतात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम. यातलं काही बिघडलं असेल तरी माणूस असाच मलूल होतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. मग मानसोपचारतज्ज्ञ. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम आखून दिल्यापासून फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला घेणं रीतसर मान्य आहे, तेव्हा जिल्ह्याच्या गावाला जाणं शक्य नसेल तरी अडू नये. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

औषधांबद्दल लोक जे घाबरतात त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. वयस्करांना त्या लहान मात्रेत सुरू करतात. नानांना अर्धी होती. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसात कधी सहा-आठही, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात घरचे म्हणतात, ‘काही उपयोग नाही, बंद करा.’ बंद करू नका; डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत फार गुंगी आली, तोल जाऊ लागला, बोलणं गोंधळलं तर सोडियम उतरलं असण्याची शक्यता असते, ते लगेच कळवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. बरं वाटल्यावरही औषध सहा महिने ते वर्षभर चालवतात आणि मग उतरवत बंद करतात, एका दिवसात नाही. जिची खरी भीती बाळगायची ती गोष्ट वेगळीच आहे: शेजाऱ्यांनी दिलेली किंवा जुन्या चिठ्ठीवर आणलेली झोपेची गोळी. तिची सवय लागते, रात्री उठताना माणूस पडतं, डोकं गोंधळतं. बोलून करायचे उपचारही या वयात चांगले लागू पडतात; ‘आता या वयात काय बदलणार’ हा नुसता आपला समज आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग. “देवाने आता न्यावं” हे वाक्य आपल्या घरांत इतकं रुळलेलं आहे की कान देत नाही कुणी. द्यायला हवा. रोज हसत म्हणणारं माणूस वेगळं, आणि कधी न म्हणणाऱ्याने एकाएकी शांतपणे म्हणणं वेगळं. वस्तू वाटून टाकणं, एफडीची कागदपत्रं घाईने समजावून देणं, सुनेला पाटल्या काढून देणं, रक्तदाबाच्या गोळ्या न खाता उशीखाली साठवणं, जेवणखाण हळूहळू सोडणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, तो आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयातला तातडीचा विभाग. घरातली औषधं कुलपात ठेवा आणि रोजची तेवढीच हातात द्या. शेतीच्या घरात फवारणीची औषधं घरातून हलवा, किल्ली तरुण माणसाकडे ठेवा. गुपित ठेवण्याचं वचन मागितलं तर देऊ नका.

घरातच त्रास असेल, पेन्शन काढून घेतली जात असेल, बोलणी खावी लागत असतील, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे. शेजाऱ्यांनीही तो लावायला हरकत नाही.

हे वाचणारे तुम्ही स्वतः सत्तरीत असाल तर तुमच्याशी थोडं. तुम्हाला वाटतंय ते मनाचा दुबळेपणा नाही. एका माणसाला तरी सांगा, आणि ‘बरं वाटत नाही’ असं न सांगता ‘मला मनातून बरं वाटत नाही’ असं सांगा. त्या एका शब्दाने पुष्कळ अडकलेलं सुटतं. सकाळी उठल्यावर अंथरूण घडी घालून बाहेरचे कपडे घाला, कुठे जायचं नसलं तरी. तुमच्याहून एकटा असलेला एक मित्र निवडा आणि रोज तुम्हीच त्याला फोन करा. नाना एसटीतल्या दोन जुन्या सोबत्यांना करायचे. पहिल्या आठवड्यात ते माझ्यासाठी करत होते; पुढे एकदा मी विसरले तर त्यांनीच चष्मा मागितला. आणि तुम्ही अंथरुणावरच्या जोडीदाराची सेवा करत असाल तर दिवसाचा एक तास कुणाकडून तरी मागून घ्या. मागायला लाजू नका.

साथ ओसरली की आपोआप सगळं पूर्वीसारखं होईल, असं आम्हाला वाटलं होतं. झालं नाही. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली, १५ ऑगस्टला दोन डोस घेतलेल्यांना लोकलही उघडली, पण नाना दारापर्यंत जाऊन परत यायचे. दीड वर्ष ‘बाहेर मरण आहे’ असं ज्याला सांगितलं, त्याला एका दिवसात ‘जा आता फिरायला’ म्हणून कसं चालेल? आम्ही आठवड्याची एकेक पायरी केली: आधी जिन्याचं पहिलं वळण, मग फाटक, मग कोपऱ्यावरचं दुकान, तेही दुपारी गर्दी नसताना. पायरी जमली की दोन-तीन दिवस तिथेच थांबायचं. भीतीने मागे फिरले तर ओढून न्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच पायरी सोडायचीही नाही.

कट्ट्यावरच्या चौघांपैकी दोघे उरले नव्हते. ते नानांना सांगायचं की नाही यावर घरात भांडण झालं. शेवटी तिथे जायच्या आधी, घरात, चहा झाल्यावर सांगितलं. असं कट्ट्यावर जाऊन कळू देऊ नका. नाना त्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आधी त्यांच्या घरी जाऊन येऊ.” दोन्ही घरी मी सोबत गेले. एका घरी वहिनींनी मित्राची काठी नानांच्या हातात ठेवली. ती घेऊन ते सप्टेंबरात कट्ट्यावर गेले, वीस मिनिटं बसले. अर्धी गोळी त्यापुढेही सहा महिने चालू होती.